धायटी दुष्काळ सोसते, पण कधीपासून?

चोरखमाऱ्याकडून नागझिऱ्यात शिरणाऱ्यांना धायटी नवी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी भरते तीच. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. तिच्या लांब फांद्या कमानीसारख्या खाली झुकतात, पावसाच्या थेंबांचा मार झेलतात. म्हणून उघड्या मुरमाड उतारावर जमीन झाकायला हे देशी झुडूप चांगलं.

आता समजा, तुम्ही यावर प्रस्ताव लिहिताय. ‘धायटी दुष्काळ सोसते’ हे गृहीतक चालेल? नाही, अपुरं आहे. सोसतं ते रुजलेलं झुडूप. धायटीचं बी अगदी बारीक, त्यामुळे रोपही नाजूक. त्याची मुळं वरच्या थरात असतात आणि उन्हात आधी सुकतो तोच थर. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. लागवड उशिरा झाली की मुळांना खोल जायला वेळच उरत नाही. म्हणजे लागवडीची तारीख हाही प्रयोगातला घटक.

मोजायचं काय? फक्त किती रोपं जगली हे नको. सगळी जगूनही मधली जमीन उघडी राहू शकते. दोरी ताणा आणि तिची किती लांबी झुडपाखाली येते ते दरवर्षी मोजा.

शेजारी लागवड न केलेला तुकडा हवाच, आणि गुरांना बंदी दोन्हीकडे सारखी. नाहीतर चराई थांबल्यामुळे आलेल्या गवताचं श्रेय धायटीला जाईल. असे जोड-तुकडे वेगवेगळ्या उतारांवर घ्या. एकाच उतारावरची शंभर रोपं म्हणजे शंभर पुनरावृत्ती नव्हेत.