कॅमेरा पडला? आधी हात सांभाळा

बोरच्या जंगलात किंवा पवनारला धाम नदीच्या काठावर हातातून कॅमेरा निसटला, की पहिली काळजी वाटते ती फोटोंची. डॉक्टर म्हणून मी सांगेन, आधी स्वतःला जपा.

कॅमेरा पाण्यात पडला असेल तर लगेच बंद करा. सुरू होतो का, हे पाहू नका. आत शॉर्टसर्किट होते. बॅटरी आणि मेमरी कार्ड काढा. कार्डातले फोटो बहुधा शाबूत असतात. कॅमेरा पुसून एक-दोन दिवस पंख्याखाली ठेवा. तांदळात ठेवल्याने लाभ नाही, उलट पीठ आत शिरते.

घरी स्क्रू मात्र खोलू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब असतो. बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याचा झटका जबर बसतो, बोट भाजते. हृदयरोग्याने तर हा धोका पत्करूच नये.

आपटलेली लिथियम बॅटरी फुगली, तापली किंवा तिचा वास आला, तर ती चार्ज करू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. मुलांपासून दूर ठेवा.

फुटलेली काच लागल्यास जखम वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.