खेळातील असुर आणि भट्टीवरील माणसे

राक्षसावाचून गोष्टीला रंग भरत नाही, हा आजीच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाचा अनुभव होय. या जुन्या हौसेला अलीकडच्या काळात एक नवे रूप लाभले आहे. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगू लागतो. इतर जण त्या गोष्टीतील एकेक पात्र होतात व आपण काय करणार ते बोलून दाखवितात. यशापयशाचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून ही प्रथा जगभर पसरली.

या खेळात शिरताना आपण कोणत्या कुळातले, हे ठरवावे लागते: मनुष्य, डोंगराच्या पोटातील खुजे ड्वार्फ, की दीर्घायुषी एल्फ? ही कुळे युरोपच्या लोककथांतून आली आणि टोल्कीन यांच्या लेखनाने ती घरोघरी पोहोचली. त्यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मधील खुज्यांची नावे एका प्राचीन नॉर्स काव्यातील आहेत. मग रायपूरच्या एखाद्या तरुणाने आपल्या मातीतून अशी कुळे घडवावयाचे मनात आणले, तर त्याने कोठे पाहावे?

उसना राक्षस

आपला राक्षस त्या खेळात पूर्वीच जाऊन बसला आहे. १९७७ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात तो वाघाच्या मस्तकाचा, हाती धूम्रपानाची नळी घेतलेला असा दिसतो. चित्र मोठे मनोवेधक आहे. परंतु बिभीषण, हिडिंबा आणि घटोत्कच यांना ओळखणाऱ्या वाचकास त्यात आपले कोणीच सापडत नाही. आपल्या कथांतील राक्षस भावाला सोडून न्यायाच्या बाजूस जातो, भीमाशी संसार मांडतो, पित्याच्या पक्षासाठी रणात प्राण देतो. आपण तर पत्रिका जुळविताना देवगण, मनुष्यगण व राक्षसगण पाहतो. एकाच आईची दोन लेकरे दोन निराळ्या गणांत असू शकतात. राक्षसपण हे कुळावर लादलेले पाप नव्हे, ही जाण आपल्या परंपरेत जागोजाग आढळते.

लोहरीपूरचा राजा

रायपूरच्या तरुणास फार दूर जावयास नको. मैकल डोंगररांगेच्या परिसरात अगरिया नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहानशा भट्टीत, लाकडी कोळशावर, पायांनी भाते दाबून लोखंड गाळीत असत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातील कथांत लोगुंडी राजा आहे आणि त्याचे लोहरीपूर नगर आहे. सूर्याशी झालेल्या वैरात त्या नगराचा नाश झाला. लोखंडाचा लोहासुर, कोळशाचा कोयलासुर आणि अग्नीचा अग्यासुर हे भट्टीचे रक्षक. असुर येथे शत्रू नसून धंद्याचा सांभाळ करणारे दैवत आहे. दिवाळीत बळीचे राज्य येवो असे म्हणणाऱ्या मराठी माणसास, हरवलेल्या असुरराज्याची ही ओढ परकी वाटू नये.

आता या कथेवरून एक गण रचून पाहू. त्याचे नाव ‘ज्वालगण’ ठेवू. निखारा हाती घेतला तरी तो भाजत नाही. पण सूर्याशी जुने वैर असल्यामुळे भर दुपारी त्याचे बळ ओसरते. केवळ सामर्थ्य दिले तर पात्र फुगते. सामर्थ्याबरोबर उणीव दिली तर ते चालू-बोलू लागते. मग त्याला चरितार्थ द्यावा: तो लोखंड देतो आणि धान्य घेतो, म्हणजे शेजाऱ्यावाचून त्याचे भागत नाही. शेवटी त्याला आपसातला एक मतभेद द्यावा: जुनी भट्टी राखावी, की डोंगराखालच्या नव्या कारखान्यात जावे? ज्या गणातील सर्व माणसे एकाच मताची असतात, तो गण नसून ठोकळा होय.

हा मतभेद निव्वळ कल्पित नाही. भट्टीवरील कर आणि कारखान्यातील स्वस्त लोखंड यांमुळे अगरियांचा धंदा खचत गेला, हे एल्विन यांनीच नोंदविले आहे. दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाची नोंद भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली केली. त्याच खनिजावर भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली.

खेळाची मर्यादा

येथेच सावध राहावयाचे. अगरिया ही छत्तीसगढातील अनुसूचित जमात आहे, आणि झारखंडच्या नेतरहाट पठारावर ‘असुर’ याच नावाची जमात आजही नांदते; तिच्यातील अनेक जण महिषासुरास आपला पूर्वज मानतात. खेळात ‘असुर म्हणजे जन्मजात दुष्ट’ असे लिहिले, तर त्या शाळकरी मुलाने आपले आडनाव टेबलावर कसे सांगावे? जगातील खेळकर्त्यांनाही हा प्रश्न पडला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने २०२४ च्या आवृत्तीत ‘वंश’ या अर्थाचा शब्द टाकून ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घेतला. परंतु शब्द बदलून काम संपत नाही. कथा घ्यावी, जिवंत लोकांचे नाव मात्र घेऊ नये; आणि घेतलेच, तर त्या लोकांना विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. छत्तीसगढच्या खेड्यांत ‘टोनही’ म्हणून जिच्याकडे बोट दाखविले जाते, ती एखादी खरीखुरी विधवा किंवा एकाकी वृद्धा असते. तिच्या छळाविरुद्ध या राज्यास २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला; महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. म्हणून टोनहीचा गण करून तिला ठार मारण्याचे गुण वाटणे, हे खेळातही शोभणारे नाही. फार तर सूत्रधाराने असा प्रसंग रचावा, की गावाने एका म्हातारीस टोनही ठरविले आहे आणि पहाटेपूर्वी तिला वाचवावयाचे आहे. फासा कसाही पडो, आपण कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे, हे त्या रात्री मुलांना कळेल.

खेळ संपतो, फासे डबीत जातात. परंतु खेळताना दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याची लागलेली सवय मागे उरते. ती सवय घराघरांतून लागावी, एवढ्यासाठी तरी वडीलधाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी या टेबलाशी बसावे आणि आपल्या आजीने सांगितलेला राक्षस मुलांच्या स्वाधीन करावा.