केंब्रिजचा ससा, डॅनची तिचाकी आणि पियाजे

बालशिक्षणाची पुस्तकं गोळा करायचा नाद लागला की वाट ठरलेली असते. फ्रोबेल, माँटेसरी, आपले गिजुभाई, ताराबाई, अनुताई आणि शेवटी पियाजे. या सगळ्यांची ओळख दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्यानं करून द्यायची गरज नाही. मला कित्येक वर्षं झपाटलंय ते एका भलत्याच शाळेनं. केंब्रिजमधली ही माल्टिंग हाउस शाळा 1924च्या ऑक्टोबरात दहा मुलांवर सुरू झाली आणि 1929मध्ये बंद पडली. पट विसाच्या आसपासच राहिला. पण लहान मूल विचार कसा करतं या प्रश्नावरचं विसाव्या शतकातलं एक मोलाचं भांडण तिच्या अंगणात झालं.

शाळा काढली जेफ्री पाईक नावाच्या अवलियानं. पहिल्या महायुद्धात हा खोट्या पासपोर्टवर वार्ताहर म्हणून बर्लिनला गेला, पकडला गेला आणि 1915मध्ये रूलेबेनच्या छावणीतून पळून इंग्लंडला परतला. दुसऱ्या महायुद्धात त्यानं लाकडाचा लगदा मिसळलेल्या बर्फाची विमानवाहू नौका बांधायची योजना मांडली आणि ती चर्चिलच्या टेबलापर्यंत पोचवली. त्याचं स्वतःचं शालेय जीवन छळात गेलं होतं. आपल्या मुलाच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून त्यानं शाळाच काढली, आणि धातूंच्या बाजारातल्या सट्ट्यावर ती चालवली. शिक्षिकेसाठी दिलेली त्याची जाहिरात मुळातून वाचण्यासारखी आहे. हे काम शास्त्रीय संशोधन म्हणून करायचं आहे, धर्मश्रद्धा नसलेल्या उमेदवाराला प्राधान्य मिळेल, मात्र नुसती नास्तिकता ही पात्रता धरली जाणार नाही, असा तिचा थाट!

ती जागा मिळाली सुझन आयझॅक्स यांना. लँकेशरमधल्या एका कर्मठ मेथॉडिस्ट घरातली ही मुलगी. देवावरचा विश्वास उडाला म्हणून वडिलांनी तिला शाळेतून काढलं आणि दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे ती मँचेस्टरला तत्त्वज्ञान शिकली आणि मनोविश्लेषक झाली. शाळा हाती आली तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या.

शाळेत धडे नव्हते, वेळापत्रक नव्हतं. खऱ्या करवती होत्या, कप्प्या होत्या, बन्सन बर्नर होते. सीसॉच्या खाली ठरावीक अंतरावर वजनं अडकवायची सोय होती, म्हणजे तरफेचा नियम मुलांनी खेळता खेळता स्वतःच शोधावा. लोक समजत तसा हा निव्वळ मोकाट कारभार मात्र नव्हता. अंगणातल्या छोट्या घराच्या छपरावर चढायला परवानगी होती, पण एका वेळी एकानंच. आणि मुलं जे बोलत ते टिपून ठेवलं जाई. पुढे तर त्यासाठी लघुलिपिकही नेमले गेले.

या टिपणांतलं 1925च्या जुलैतलं एक प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो. शाळेतला ससा रात्री मेला. पोट हलत नाही, म्हणजे मेला, असा निर्वाळा एका मुलानं दिला. दुसऱ्याचं म्हणणं, पाण्यात ठेवला तर जिवंत होईल, बाबांनी सांगितलंय. बाईंनी ना बाबांना खोडून काढलं, ना मृत्यूवर प्रवचन दिलं. करून बघू, म्हणाल्या. पाण्यात ससा गोल फिरायला लागला तशी काही मुलं ओरडली, जिवंत आहे! बाईंनी पाण्यात एक काटकी टाकली. तीही फिरू लागली. काटकी जिवंत नाही हे सगळ्यांना मान्य होतं, तेव्हा प्रश्न मिटला. ससा पुरला. दुसऱ्या दिवशी दोघं उकरायला गेले आणि मध्येच थांबले, कारण ससा आता आकाशात गेला असणार. तेव्हा बाई स्वतः माती उकरू लागल्या. ससा जागच्या जागी होता.

1927मध्ये जिनीव्हाहून पियाजे ही शाळा पाहायला आले. वय जेमतेम तीस, पण बालमानसशास्त्रात तेव्हाच दबदबा. यंत्राची कार्यकारणसाखळी मुलाला आठ-नऊ वर्षांच्या आत उमगत नाही, हे त्यांचं मत. त्याच वेळी पावणेसहा वर्षांचा डॅन अंगणात तिचाकीवर बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, ही चालते कशी? त्यानं पायापासून पॅडल, पॅडलपासून दांडा, मग दातेरी चक्र, साखळी, चाक असा सगळा हिशेब बोट दाखवत मांडला. टिपणांत मुलांची नावं बदललेली आहेत. हा डॅन म्हणजे पाईकचाच मुलगा.

एका हुशार पोराच्या उत्तरानं सिद्धान्त कोसळत नाही. या शाळेतली मुलं बहुतांशी प्राध्यापकांच्या घरची, त्यांचा सरासरी बुद्ध्यंक 131. हा आकडा आयझॅक्सबाईंनीच छापलाय. त्यामुळे जगभरच्या मुलांबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानायचं कारण नाही. पण त्यांचा मूळ आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. सूर्य तुझ्यामागून का चालतो, असं मुलाला समोर बसवून विचारलं तर ते काहीतरी ठोकून देणारच. त्याच मुलाला हाताला आलेल्या वस्तूबद्दल, त्याला गरज असताना बोलू द्या, ते वेगळंच बोलेल. मूल काय म्हणतं हे ऐकायचं तर त्याला कुठे आणि कोणी विचारलं, हेही पाहायला हवं.

पुढचं थोडक्यात. 1927मध्येच पाईकचा सट्टा बुडाला, रॉकफेलर निधीनं मदत नाकारली, बाईंनी वर्षअखेर शाळा सोडली. टिपणांचे दोन खंड 1930 आणि 1933मध्ये निघाले. नियती कशी खट्याळ, बघा: पियाजेविरुद्ध या वादात उतरलेले बाईंचे पती नेथन हेच पुढे इंग्लंडात पियाजेंचे मोठे प्रचारक झाले.

बाईंच्या बाजूनं भक्कम पुरावा उभा राहायला 1974 उजाडलं. एडिंबरामध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी पियाजेंचाच प्रयोग केला. मुलापुढे सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या, एक विस्कटायची आणि दोन्हीकडे अजून तितक्याच आहेत का, हे पुन्हा विचारायचं. फक्त इथे ती रांग मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीकडून विस्कटवली. नेहमीच्या पद्धतीत चुकणाऱ्या चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी बरीचशी आता बरोबर उत्तर देऊ लागली. मोठा माणूस मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतो, म्हणजे त्याला वेगळं उत्तर हवं असणार, एवढा अंदाज पोरांना असतो.

आज या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय संशोधन म्हटलं की मिशिगनच्या पेरी बालवाडीचा दाखला निघतो. 123 मुलं, आणि गुंतवलेल्या डॉलरमागे परतावा किती याचे तक्ते. सरकारी तिजोरी उघडायला ते लागत असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या तक्त्यांत एकही मूल बोलत नाही. आयझॅक्सबाईंचा पहिला खंड कुठल्या ग्रंथालयात सापडलाच, तर सिद्धान्ताची पानं खुशाल मागे ठेवा आणि आधी टिपणं वाचा.