अवघड जागेचं दुखणं आणि एमआरआयचा रिपोर्ट



'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. इथे अमेरिकेत तर कित्येक घरांत जावई, सून किंवा मुलगी खरोखरच डॉक्टर असते, आणि तरीही भगंदराबद्दल कुणी तोंड उघडत नाही. 'मूळव्याध असेल' म्हणत माणसं महिनोन्महिने मलम लावत राहतात. म्हणून आज आपणच बोलूया.

भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली वाट. बहुतेक वेळा आतल्या एखाद्या ग्रंथीत पू होतो, गळू फुटतं आणि वाट तशीच राहते. सुश्रुतसंहितेतही या आजाराचं वर्णन आहे, म्हणजे लाज वाटावी असं यात नवं काही नाही!

अडचण अशी, की ही वाट अनेकदा शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंमधून जाते. एखादा फाटा आत राहिला तर भगंदर पुन्हा होतं. स्नायू जास्त कापला गेला तर ताबा जाऊ शकतो. त्यामुळे सर्जनला आधी नकाशा हवा असतो, आणि तो नकाशा म्हणजे एमआरआय.

पण नकाशा कसा वाचला, हे रिपोर्टवर ठरतं. रेडिओलॉजिस्टने आपापल्या शब्दांत परिच्छेद लिहिला, तर एखादी गोष्ट राहून जाऊ शकते. म्हणून आता ठरलेल्या मथळ्यांचा, म्हणजे ठरावीक साच्याचा रिपोर्ट लिहिण्यावर भर आहे. मॅमोग्राफीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने अशी पद्धत १९९३ मध्येच आणली. भगंदराच्या बाबतीत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साच्यातल्या रिपोर्टमधून महत्त्वाच्या बाबी कमी सुटल्या, आणि सर्जननाही ते जास्त उपयोगी वाटले.

मग रिपोर्टमध्ये काय शोधायचं?

पहिलं, वाटेचा प्रकार. लंडनचे सर्जन ॲलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये स्नायूंशी असलेल्या नात्यावरून चार प्रकार सांगितले. तेच आजही वापरतात.

दुसरं, आतलं तोंड कुठे आहे. ते घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. पेशंट उताणा झोपला आहे असं समजा: बारा पुढच्या बाजूला, सहा माकडहाडाकडे, तीन पेशंटच्या डाव्या हाताला.

तिसरं, बाहेरचं तोंड, फाटे, आणि वाट घोड्याच्या नालेसारखी दोन्ही बाजूंना पसरली आहे का.

चौथं, पू साठला आहे का आणि किती. पाचवं, स्नायूंची स्थिती, आणि क्रोन्सची शंका असेल तर गुदाशयाला सूज आहे का.

आता आपल्या कामाचं. ५ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमामुळे रिपोर्ट बहुधा लगेच पेशंट पोर्टलवर येतो, कधी कधी डॉक्टरांनी पाहण्याआधीच. रात्री अकराला तो वाचून घाबरू नका. वरचे पाच मुद्दे कागदावर लिहा, जो सापडत नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि भेटीत विचारा. गरज वाटली तर डॉक्टर रेडिओलॉजिस्टकडून पुरवणी मागवू शकतात.

आई-बाबांसोबत जात असाल, तर दुभाषा मागा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो मोफत द्यावा लागतो. वडिलांच्या अशा दुखण्याचं भाषांतर लेकीने करावं, हे दोघांनाही जड जातं आणि त्यात नेमकी महत्त्वाची गोष्ट गाळली जाते.

भारतात जाऊन ऑपरेशन करायचा विचार असेल, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, चित्रांची सीडीही मागून घ्या. तिथला सर्जन चित्रं स्वतः पाहील.

आणि ताप, वाढती सूज किंवा असह्य ठणका असेल, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जागा अवघड असली, तरी प्रश्न विचारणं अवघड नाही. काळजी घ्या, पुन्हा भेटूच!