'बेबी' तबस्सुमचं गुलशन

वरळीच्या स्टुडिओतून मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ला. त्याच महिन्यात आला 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा सिनेकलाकारांच्या मुलाखतींचा कार्यक्रम. पुढची २१ वर्षं तबस्सुमताईंनी तो चालवला. केसांत फूल, हातात माइक आणि ते खळखळून हसणं! आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या घरी सतरंजीवर बसून बघायचो.

आज त्या जुन्या मुलाखती पाहताना वाटतं, हिचं खरं भांडवल होतं बालपण. १९४७च्या 'नर्गिस'पासून ती पडद्यावर. 'दीदार'मध्ये (१९५१) तर छोटी नर्गिस तीच. भल्याभल्यांनी तिला लहानपणी सेटवर पाहिलेलं, त्यांच्यासाठी ती 'बेबी'च. घरातल्या लेकीसमोर कोण कशाला आखडून बसेल? समोरचा संकोचला की एखादा शेर किंवा विनोद सोडायची आणि गाडी पुन्हा रुळावर यायची.

प्रश्न बोचरे नसायचे, हे खरं. कधीकधी कौतुक जरा जास्तच व्हायचं, असं माझं मत. पण पाहुण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या आजच्या मुलाखती बघितल्या की ते कौतुकही गोड वाटतं.

बरं, ती थांबलीही नाही. 'गृहलक्ष्मी' या हिंदी मासिकाचं संपादन केलं, उतारवयात यूट्यूबवर 'तबस्सुम टॉकीज' काढलं. नोव्हेंबर २०२२मध्ये ती गेली.

तुम्हाला तिची कुठली मुलाखत आठवते?