बोलिंजर बँड

बोलिंजर बँड हे समभाग, निर्देशांक, चलन किंवा वस्तू यांच्या किमतींच्या आलेखावर काढले जाणारे तांत्रिक विश्लेषणाचे एक साधन आहे. त्यात तीन रेषा असतात. मधली रेषा ही बंद भावांची सरल चल सरासरी असते. तिच्या वर आणि खाली, ठरावीक प्रमाण विचलनाइतक्या अंतरावर, उरलेल्या दोन रेषा असतात. भावांतील चढउतार वाढले की या रेषांमधील पट्टा रुंदावतो आणि कमी झाले की आक्रसतो.

इतिहास

अमेरिकी विश्लेषक जॉन बोलिंजर यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी हे साधन विकसित केले. सरासरीभोवती पट्टे आखण्याची पद्धत त्यापूर्वीही होती. मात्र सरासरीच्या ठरावीक टक्क्यांवर रेषा काढल्यास बाजाराचा स्वभाव पालटताच ती टक्केवारी हाताने बदलावी लागे. बोलिंजर यांच्या पद्धतीत पट्ट्याची रुंदी भावांवरूनच ठरते. २०११ मध्ये या नावाची अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली.

रचना

प्रचलित मांडणीत २० कालखंडांची सरासरी आणि दोन प्रमाण विचलने घेतली जातात. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून येथे पाचच दिवस घेतले आहेत. बंद भाव १००, १०२, १०४, १०६ आणि १०८ रुपये असल्यास सरासरी १०४ आणि प्रमाण विचलन सुमारे २.८३ येते. त्यामुळे वरची रेषा १०९.६६ वर व खालची ९८.३४ वर पडते. सहाव्या दिवशी भाव ११० झाला, तर १०० हा भाव गणनेतून गळतो आणि वरची रेषा १११.६६ वर सरकते. भाव वाढला, पण रेषाही तितकीच वर गेली.

याचे कारण असे की, ज्या भावाची पारख करायची तोच भाव पट्टा ठरवण्यातही सहभागी असतो. पाच दिवसांच्या मांडणीत तर बंद भाव दोन विचलनांची रेषा ओलांडूच शकत नाही. फार तर तिला स्पर्श करतो. कालखंड बदलल्यास गुणकही बदलावा लागतो. बोलिंजर यांनी १० कालखंडांसाठी १.९ आणि ५० कालखंडांसाठी २.१ हे गुणक सुचवले आहेत.

अर्थ लावणे

सामान्य वितरणात दोन प्रमाण विचलनांच्या आत सुमारे ९५ टक्के मूल्ये येतात. त्यावरून ‘भाव वरच्या रेषेला टेकला, आता तो उतरण्याची शक्यता ९५ टक्के’ असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो चुकीचा आहे. बाजारभाव सामान्य वितरण काटेकोरपणे पाळत नाहीत, शिवाय लागोपाठचे भाव परस्परांपासून स्वतंत्र नसतात. जोरदार तेजीत भाव कितीतरी दिवस वरच्या रेषेला धरूनच चढत राहतो, आणि प्रत्येक स्पर्शाला विक्री करणारा प्रत्येक वेळी तोटा सोसतो. रेषेला झालेला स्पर्श हा स्वतःहून खरेदी-विक्रीचा संकेत नव्हे, असे खुद्द बोलिंजर यांचेही म्हणणे आहे.

पट्टा अतिशय अरुंद होण्याला ‘स्क्वीझ’ म्हणतात. शांततेच्या काळानंतर मोठी हालचाल येण्याचा संभव असतो, या निरीक्षणावर त्याचा वापर आधारलेला आहे. हालचाल कोणत्या दिशेने होईल हे मात्र पट्टा सांगत नाही.

अल्पकालीन व्यवहारांत

भारतातील शेअर बाजारात नियमित व्यवहार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० या वेळेत चालतात. पाच मिनिटांच्या आलेखावर २० कालखंड म्हणजे १०० मिनिटे. त्यामुळे १०:५५ पर्यंत पट्ट्यात आदल्या दिवसाचे भाव मिसळलेले असतात. बाजार मोठ्या फरकाने उघडल्यास, म्हणजे ‘गॅप’ पडल्यास, तो फरक प्रमाण विचलन फुगवतो आणि सकाळचा पट्टा अवास्तव रुंद दिसतो. पुढे आदल्या दिवसाचे भाव गळून गेले की पट्टा आक्रसतो. हे आक्रसणे केवळ गणिताचे असते. नवशिके त्यालाच स्क्वीझ समजतात.

व्यवहारखर्चही येथे निर्णायक ठरतो. रोखीच्या बाजारात त्याच दिवशी खरेदी-विक्री करणाऱ्या व्यक्तींविषयी सेबीने जुलै २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षात अशा दर दहापैकी सात जणांना तोटा झाला. तो अभ्यास कोणत्याही एका साधनाविषयी नव्हता. तथापि तोट्यातील व्यक्तींनी तोट्याच्या ५७ टक्के इतकी आणखी रक्कम व्यवहारखर्चापोटी भरली, असे त्यात आढळले.