कर्मवीर दादासाहेब गायकवाड : भूमिहीनांच्या हक्काचा लढा आणि आपला सातबारा

६ डिसेंबर जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांतून माणसे चैत्यभूमीच्या वाटेला लागतात. त्याच महिन्यातील २९ तारीख मात्र फारशा कोणाच्या ध्यानात राहत नाही. २९ डिसेंबर १९७१ रोजी कर्मवीर भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांचे निधन झाले. बाबासाहेबांचा विश्वासू सहकारी, नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा धुरंधर, रिपब्लिकन पक्षाचा नेता, लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांचा सदस्य, पद्मश्रीचा मानकरी अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकी पद्धतीने सांगता येते. परंतु मराठवाड्यातील मुरमाड गायरानावर नांगर धरणाऱ्या माणसाशी या नेत्याचे जे नाते होते, ते या ओळखीत येत नाही. आपल्या शाळेत शिकणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरांशी त्या नात्याचा थेट संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ते समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि जवळपास पाच वर्षे चालला. बाबासाहेब मुंबईत, गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनमध्ये. नाशिकची आघाडी प्रत्यक्ष सांभाळली ती दादासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सत्याग्रही गोळा करणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी धान्य पोहोचवणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, गावोगावच्या बहिष्काराला तोंड देणे ही कामे भाषणांहून अवघड असतात. ती त्यांनी केली. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून या सत्याग्रहामागचा आपला हेतू स्पष्ट केला. अस्पृश्यांना मूर्तिपूजक बनवणे हा तो हेतू नव्हता, तर त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देऊन चेतवणे हा होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि मंदिराच्या दाराचा प्रश्न मागे पडला.

मंदिराच्या दारातून परतलेला हा कार्यकर्ता पुढे शेताच्या बांधाकडे वळला. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. याच पक्षाने खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा काढला. अस्पृश्यता ही केवळ शिवाशिवीची बाब नसून तिचे मूळ जमिनीच्या मालकीत आहे, हे या काळात चळवळीने ओळखले होते.

हे मूळ नीट समजण्यासाठी जुन्या गावगाड्याकडे पाहावे लागते. महाराने गावाची आणि सरकारची अष्टौप्रहर चाकरी करावी, त्याबदली बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. पिढ्यानुपिढ्या वाटण्या होऊन तो तुकडा इतका लहान झाला की त्यावर पोट भरत नसे. मात्र चाकरी कायम राहिली. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले होते. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, ती याच प्रश्नावर. महारकी सोडा, असे सांगणे सोपे होते. महारकी सोडणाऱ्याने उद्या खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर जमिनीशिवाय मिळत नव्हते.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिकच बिकट होता. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. जहागिरी गेल्या आणि १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. परंतु कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर होते त्यालाच त्या कायद्याचा आधार. जो सालगडी होता, रोजंदारीचा मजूर होता, त्याला कायद्याने काय द्यावे? त्याच्यासाठी उरली ती गावाशेजारची पडीक जमीन आणि गायरान. गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. आपल्याकडे बालाघाटाच्या उतारावर अशी हलकी, दगडगोट्यांची जमीन पुष्कळ होती. भूमिहीनांनी ती वेचून, बांध घालून कसायला घेतली.

या कसणाऱ्यांच्या पाठीशी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले आणि १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत बाबासाहेबांनी एक खंत व्यक्त केली. शिकलेल्यांसाठी आपण काही करू शकलो, पण खेड्यातील भूमिहीनांसाठी मनासारखे करता आले नाही, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. उरलेले काम कोणी तरी उचलणे भाग होते आणि ते दादासाहेबांनी उचलले.

१९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. १९५९ मध्ये खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. त्यात बौद्धांबरोबर इतर जातींचे आणि आदिवासी भूमिहीनही होते. यानंतर देशव्यापी लढ्याची तयारी झाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले आणि ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह सुरू झाला. लाखांवर माणसे तुरुंगात गेली. शांताबाई दाणी यांच्यासारख्या नेत्यांसह असंख्य स्त्रियांनी तुरुंगवास पत्करला. कित्येकींच्या कडेवर तान्ही मुले होती.

त्या निवेदनातील मागण्या आज वाचल्या तर आश्चर्य वाटते. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याचे भाव आवरावेत, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी व्हावी, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. यांपैकी शेवटच्या दोन मागण्या १९९० साली मान्य झाल्या. म्हणजे पाव शतकानंतर, आणि मागणी करणारा नेता जाऊन अठरा वर्षे उलटल्यावर! आपल्या शाळेतील एखादा बौद्ध विद्यार्थी केंद्रीय सेवेच्या परीक्षेचा अर्ज भरताना जातीच्या रकान्यात जो हक्क सांगतो, त्या हक्कासाठी भूमिहीन शेतमजुरांनी तुरुंगातील भाकरी खाल्ली आहे, हे त्याला माहीत असावे.

गौरव करताना इतिहासाची दुसरी बाजू लपवू नये. जमिनीचा लढा हा बाबासाहेबांच्या मार्गापासून दूर जाणे आहे, तो साम्यवाद्यांचा मार्ग आहे, असा आक्षेप पक्षातूनच घेतला गेला. १९५९ मध्ये ॲड. बी. सी. कांबळे यांनी वेगळी वाट धरली आणि पक्ष दुभंगला. शहरी सुशिक्षित आणि खेड्यातील धोतरवाले असा त्या फुटीचा उल्लेख लोक करीत. पुढे १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. त्यातून पक्षाची स्वतंत्र ताकद खच्ची झाली, ही टीका निराधार म्हणता येत नाही. मात्र पहिल्या आक्षेपाला बाबासाहेबांच्याच चळवळीत उत्तर आहे. खोतीविरोधी मोर्चा आणि वतनाचे विधेयक ज्याने अभ्यासले, त्याला भूमिहीनांचा सत्याग्रह परका वाटणार नाही.

या लढ्याने हाती काय लागले? जमिनीचे सरसकट वाटप झाले नाही. परंतु गायरान कसणारा भूमिहीन हा गुन्हेगार नसून त्याचा हक्क विचारात घ्यावा लागेल, हे सरकारला मान्य करावे लागले. १९६१ मध्ये कमाल जमीन धारणा कायदा आला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. मराठवाड्यात त्यासाठी अनेक संघटना झगडल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातून एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाद्वारे केलेले काम सर्वश्रुत आहे.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात गावोगाव नोटिसा गेल्या. येथे एक गोष्ट प्रत्येक गायरानधारकाने ध्यानात ठेवावी. जगपाल सिंग निकालातच अपवाद नमूद आहे : शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा विचार वेगळा करता येतो. मात्र अपवादाचा लाभ घ्यायचा तर पुरावा लागतो. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. तीत आजोबांचे नाव आहे काय, कोणत्या सालापासून आहे, दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत काय, हे पाहिले पाहिजे. ज्यांना जमीन रीतसर मिळाली त्यांच्या सातबाऱ्यावर बहुधा भोगवटादार वर्ग-दोन अशी नोंद असते. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. ही अट अडचणीची वाटते, पण सावकाराच्या आणि दलालाच्या हातून तिनेच कित्येक तुकडे वाचवले आहेत.

दादासाहेबांच्या नावाने शासनाची सबलीकरण व स्वाभिमान योजनाही आहे. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तीत तरतूद आहे. आरंभी निम्मी रक्कम कर्जरूप होती. २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदानाची झाली. अडचण अशी की सरकारने ठरवलेल्या मर्यादेत जमीन विकायला तयार असणारा मालक मिळणे कठीण. ज्या जमिनीसाठी माणसे तुरुंगात गेली, ती आज बाजारात शोधावी लागते.

आपल्या निवासी शाळेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुले मागे राहिली तर शाळा टिकते, कोयत्याबरोबर गेली तर सुटते. ज्यांच्या घरी कसायला जमीन नाही, त्यांच्याच वाट्याला बहुधा ही फरफट येते. तरुणपणी नाशिकमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम पाहिलेल्या दादासाहेबांना शिक्षण आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टी कधी वाटल्या नाहीत. वसतिगृह मुलाला गावगाड्याबाहेर काढते. जमीन त्याच्या आईवडिलांना गावात ताठ मानेने उभे करते. दोन्हींची गरज आहे.

दादासाहेबांचे पुतळे उभारले जातील, जयंत्या साजऱ्या होतील. विद्यार्थ्यांकडून अपेक्षा याहून साधी आहे. सुट्टीत घरी गेल्यावर पत्र्याच्या पेटीतील जुने कागद बाहेर काढावेत. सातबारा कोणाच्या नावे आहे, फेरफार झाला आहे काय, पावती कोणत्या सालची आहे, हे वाचून आईवडिलांना समजावून सांगावे. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनी तुरुंगात जाऊन हा हक्क मागितला. ज्यांना अक्षर ओळखता येते त्यांनी तो कागदावर राखावा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन!